मूळ गावाचा रकाना

आधी ताईंचं सांगतो, मग माझं. त्यांचं नाव लिहिणार नाही. त्यांना ते आवडणार नाही, आणि मलाही हल्ली कुणाचं नाव कागदावर टाकायची भीती वाटते. कोथरूडला एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. महसूल खात्यात कारकून म्हणून लागल्या, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाल्या. गुडघे धरलेले असतात, तरी रिक्षा करत नाहीत, बसनेच फिरतात. बैठकीच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली फायलींचं कपाट. मी आज पुण्यात आहे, सकाळी उठून कामाला जातो, आईला फोन करतो, हे सगळं त्यांच्यामुळे चाललंय. त्या नसत्या तर मी कुठे असतो याचा विचार मी करत नाही. म्हणजे करतो, पण पूर्ण करत नाही.

मी फरशी बसवतो. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून हाताला सिमेंट आहे. माझं गाव गडचिरोली जिल्ह्यात, पुण्याहून एक दिवस आणि एक रात्र लांब. आमच्या गावाला आजूबाजूचे लोक अजून कॅम्प म्हणतात, कारण आमच्या आजोबांच्या पिढीला सरकारने पूर्व पाकिस्तानातून आलेले निर्वासित म्हणून तिथे आणून वसवलं. जंगल तोडून जमिनी दिल्या. आम्ही घरात बंगाली बोलतो, शाळेत मराठी शिकलो. मी हे लिहितोय ती भाषा शाळेची, त्यात थोडी वैदर्भी आणि वर पुण्याची. बांगलादेश मी नकाशात पाहिलाय. तोही शाळेच्या भिंतीवरच्या, फाटक्या.

हडपसरला आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. दुसरे दोघे ओडिशाचे. त्या सकाळी मी आईशी फोनवर बोलत दारात उभा होतो. तिचा बीपी वाढला होता आणि ती गोळी घ्यायची नाही म्हणत होती, म्हणून माझा आवाज जरा चढला होता. गल्लीत पोलीस खोल्या तपासत होते, हे मला दिसलंच नाही.

"कुठली भाषा ही?" हवालदाराने विचारलं.

"बंगाली."

"ठेव फोन. कागद घे आणि चल."

ओडिशाचे दोघे माझ्यामागे उभे होते. त्यांना त्याने काही विचारलं नाही. त्यांनीही मला काही विचारलं नाही.

चौकीत एक सब-इन्स्पेक्टर साहेब फॉर्म भरत बसले होते. वयाने माझ्याएवढेच असतील. डोळे लाल, समोर गार झालेला चहा. रांगेत आम्ही आठ-दहा जण. माझी पाळी आली. नाव सांगितलं, वडलांचं नाव सांगितलं, काम सांगितलं. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "मूळ गाव?"

आणि मी म्हणालो, "खुलना."

हे कसं झालं ते सांगायला हवं, कारण ते मला साहेबांना नीट सांगता आलं नव्हतं. आमच्याकडे लग्नाला, बारशाला, मयतीला, कुठेही गेलं की म्हातारी माणसं पहिला प्रश्न विचारतात, देशेर बाडी कुठे? म्हणजे मागे राहिलेलं, मूळचं घर. त्याचं उत्तर म्हणून गडचिरोली चालत नाही, गडचिरोली सगळ्यांचीच. मग कुणी म्हणतं बरिसाल, कुणी फरीदपूर, कुणी जेसोर. त्यावरून सोयरीक जुळते, त्यावरून मासा कसा शिजवायचा यावर भांडणं होतात. ज्यांनी ती गावं कधी पाहिली नाहीत तेसुद्धा न अडखळता नाव सांगतात. चार वर्षांच्या पोराला विचारा, तेही सांगेल. आम्ही खुलन्याचे. पोलिसाने विचारलं तर जिल्हा गडचिरोली म्हणायचं, एवढं डोक्याला माहीत होतं. पण जीभ डोक्याला विचारून चालत नाही.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "झालं. स्वतःच सांगितलं की."

हवालदार हसला. "साहेब, इतकं सरळ कुणी सांगत नाही हो. तपासून घ्या, येडा असेल."

मी घाईघाईने सगळं सांगायला लागलो, कॅम्प, आजोबा, सरकार, जमीन. घाईत माझं मराठी बिघडतं. तेवढ्यात बंगाली शब्दही मधे आले, आणि प्रत्येक शब्दागणिक मी आणखी खोलात जातोय हे मला कळत होतं. आधार कार्ड पुढे केलं.

"आधार काय, आजकाल भेळेच्या गाडीवर मिळतं," साहेब म्हणाले. "जन्माचा दाखला आहे? शाळा सोडल्याचा दाखला?"

जन्म घरी झालेला, नोंद नाही. आणि शाळा सोडली तेव्हा दाखला काढला नव्हता. वर्षाच्या मधेच एक दिवस जायचं बंद केलं, झालं. फरशी बसवणाऱ्याला दाखला कोण विचारतो?

"शुक्रवारी पाच वाजता यादी जाईल," साहेब म्हणाले. तो बुधवार होता. "तोपर्यंत कागद आला तर बघू. नाहीतर तुला गाडीत बसवून सीमेवर नेतील, तिथले लोक काय ते ठरवतील. मी ठरवत नाही."

ते खोटं बोलत नव्हते. खरोखरच ते ठरवत नव्हते. त्यांना वरून सांगितलेलं होतं, वरच्यांना आणखी वरून. फोन काढून घेतला आणि आम्हाला चौकीशेजारच्या हॉलमध्ये बसवलं. एरवी तिथे वाढदिवस आणि साखरपुडे होत असावेत, छताला जुन्या फुग्यांचे दोरे लटकत होते.

तिथे भिंतीला टेकून एक रंगारी बसला होता. त्याने मला ओळखलं, मीही त्याला ओळखलं. मागच्या वर्षी एका साइटवर महिनाभर आम्ही एकत्र होतो. मी खाली फरशी टाकायचो, तो भिंतींना पुट्टी मारायचा. दोघांची भाषा एक, म्हणून डबा एकत्र खायचो. तेव्हा त्याने सहज सांगितलं होतं, की तो सोळा वर्षांचा असताना मामाबरोबर सीमेवरच्या नदीच्या कमरेएवढ्या पाण्यातून इकडे आला. परत कधी गेला नाही. इथेच लग्न केलं, बायकोही तिकडचीच. हे त्याने डाळभात कालवत सांगितलं होतं, आणि मी म्हणालो होतो, आमचे आजोबापण तसेच आले. तो खूप हसला होता. "मग तू माझा नातूच," म्हणाला होता.

हॉलमध्ये मात्र मी त्याच्यापासून लांब, दुसऱ्या भिंतीला जाऊन बसलो.

ताईंच्या मोरीचं काम तेव्हा अर्धं झालं होतं. जुनी फरशी फोडून काढली होती, उतार काढायचा बाकी होता. त्यांच्या घरात मोरी एकच. मी आलो नाही म्हणून त्यांनी फोन लावला, आणि तो हवालदाराने उचलला. हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

"माझा फरशीवाला कुठंय?"

"चौकीत आहे. कोण बोलतंय?"

"ज्यांची मोरी फोडून ठेवलीये त्या. कुठली चौकी?"

दोन बस बदलून दुपारी त्या आल्या. खिडकीतून मला आवाज ऐकू आला. मला वाटलं, ओरडायला आल्यात. म्हणजे आल्याच होत्या.

"तुमचा कोण लागतो हा?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या मोरीचा मालक लागतो सध्या. दोन दिवस शेजारणीकडे आंघोळीला जातेय मी, ती आता साबण लपवून ठेवायला लागलीये. काय केलंय याने?"

"बाई, बांगलादेशी असल्याचा संशय आहे."

"संशय कशावरून?"

"स्वतःच्या तोंडाने खुलना म्हणाला."

ताईंनी पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "जो लपवायला आलाय तो खुलना कशाला म्हणेल?"

"अहो मॅडम, वरून आदेश आहेत."

"आदेश वरूनच येतात. सगळ्या नोकरीत खालून आलेला मी एक पाहिला नाही." मग त्यांनी आपण कुठल्या पदावरून निवृत्त झालो ते सांगितलं. साहेबांनी खुर्ची पुढे केली. शुक्रवार मात्र हलला नाही.

मला पाच मिनिटं भेटू दिलं. मी त्यांना मॅडम म्हणत होतो. "मॅडम ऑफिसात होते, आता ताई म्हण," त्या म्हणाल्या. "आणि रडू नकोस, वेळ जातो. गावाकडे धावपळ करणारं कोण आहे?" मी काकांचा नंबर पाठ सांगितला. "शाळेत तुझं नाव होतं ना? मग नोंदवहीत अजून असणार. सरकार माणसं विसरतं, वह्या टाकत नाही."

गुरुवारी सकाळी त्या पुन्हा आल्या. काकांनी शाळेतून दाखला काढून त्याचा फोटो पाठवला होता. मला वाटलं, सुटलो. ताईंनी फोन माझ्यासमोर धरला, पण साहेबांकडे पाठ करून.

"हा रकाना वाच."

जन्मस्थळ. त्यापुढे गुरुजींच्या सुंदर, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, खुलना.

पहिलीत नाव घालायला मला आजोबा घेऊन गेले होते. गुरुजींनी विचारलं असेल, गाव कुठलं? आजोबांनी नेहमीचं उत्तर दिलं. गुरुजींनी ते पहिल्या मोकळ्या रकान्यात टाकलं. दोघांचाही काही वाईट हेतू नव्हता. आजोबांना तर ते अभिमानाने सांगितल्यासारखं वाटलं असणार. मी तिथेच खाली बसलो.

"हा कागद आपण दाखवायचा नाही," ताई म्हणाल्या. "फाडायचाही नाही. बाजूला ठेवू." माझ्याजवळ एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून गुडघा चोळत राहिल्या. "कुठले तुम्ही, हे आम्हालाही विचारायचे," त्या म्हणाल्या. "माझे वडील बदलीच्या गावी खोली बघायला गेले की पहिला प्रश्न तोच. त्याच्या पोटात दुसराच प्रश्न असायचा. वडील गावाचं नाव सांगायचे आणि गप्प राहायचे. मग खोली नुकतीच दिलेली असायची दुसऱ्या कुणाला." त्या उठल्या. "जाऊ दे. शेत आहे तुमचं?"

"आहे. थोडं."

"सातबारा कुणाच्या नावावर?"

"वडील गेले त्या वर्षी तलाठी आले होते. आईचा अंगठा घेतला."

"वडील गेले तेव्हा तू केवढा होतास?"

"तेरा. म्हणून तर शाळा सुटली."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी एखादी हरवलेली किल्ली खिशातून काढून दिली. "अरे, मग वारस नोंदीत तू असणारच. अज्ञान, म्हणजे सज्ञान न झालेलं मूल म्हणून, आईच्या पालनात. नावानिशी, वयानिशी. आणि त्याच्या आधीच्या फेरफार नोंदीत आजोबांनंतर तुझे वडील. आणि त्याच्या आधी आजोबांना जमीन कुणी दिली ते. सरकारने माणसं वसवली म्हणजे सरकारने आधी यादी केली. यादीशिवाय सरकार कुणाला टाचणीसुद्धा देत नाही."

पुढचे दीड दिवस मी हॉलमध्ये बसून होतो, म्हणून ही धावपळ मला फक्त ऐकून माहीत आहे. काका मोटारसायकलवर तालुक्याला गेले. रेकॉर्ड रूमच्या बाबूने सोमवारी या सांगितलं. ताईंनी कोथरूडहून त्या कचेरीत फोन लावला. ओळखीचं तिथे कुणी नव्हतं. बाबू म्हणाला, तुम्ही तर निवृत्त आहात. त्या म्हणाल्या, "निवृत्त आहे, मेलेली नाही. कपाट उघडा." काका म्हणतात, बाबू हसला आणि उठला. जुन्या फेरफाराचं पान हातात घेतलं की कडा तुटत होत्या.

त्या दीड दिवसात मला विचार करायला वेळच वेळ होता. सीमा राखायलाच हवी, असं मला वाटतं. हे मी कुणाला खूश करायला लिहीत नाही. आमच्या कॅम्पातलेही बरेच जण तेच म्हणतात, आणि जरा जास्तच जोरात म्हणतात, कारण नंतर आलेल्यांमुळे लोक आमच्याकडेही त्याच नजरेने बघतात. पण जो प्रश्न नदीकाठी विचारायचा, तो तिथे राहून जातो आणि पंधरा-वीस वर्षांनी हडपसरला विचारला जातो. तोपर्यंत माणसाने भिंती रंगवलेल्या असतात, लग्न केलेलं असतं. आणि विचारणाऱ्याच्या हातात ओळखायचं साधन काय, तर बोली. आजोबा आणि तो रंगारी एकाच बाजूने आले. मधे फक्त वर्षं गेली, आणि आजोबांच्या वेळी एक यादी होती. माझ्या डोक्यात यापुढे काही जात नाही. शिकलो असतो तर कदाचित गेलं असतं.

शुक्रवारी सकाळी रंगारी पाण्याच्या पिंपाशी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. ओठ न हलवता आपल्या भाषेत म्हणाला, "तू सुटशील. तुझी बाई चांगली आहे. माझ्या बायकोला सांग मी इथे आहे. कालव्याजवळ, पत्र्याच्या खोल्या, नळाशेजारची. ती इथे यायला घाबरेल. तिला वाटेल मी पळून गेलो." मी पाणी प्यायलो. हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही.

चार वाजता ताई आल्या. हातात फायलीत लावलेले तीन कागद, शिक्के मारलेल्या पानांचे छापून घेतलेले फोटो. साहेबांनी सावकाश वाचलं. पहिल्यावर आजोबांचं नाव आणि 'विस्थापित म्हणून शासनाकडून वाटप' असं. तिसऱ्यावर आई, बहीण आणि मी, अज्ञान, वय तेरा. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. मला वाटलं, आता दाखला मागतील. त्यांनी मागितला नाही. थकले होते. माझ्या फॉर्मवर तिरकी रेघ मारली.

"खऱ्या नकला आठवड्यात आणून द्यायच्या. आणि काय रे, पुन्हा कुणी मूळ गाव विचारलं तर?"

"गडचिरोली, साहेब."

"आठवलं एकदाचं."

आम्ही दारापाशी आलो. रंगारी हॉलच्या दारात उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. ताई थांबल्या.

"तो तुझ्याकडे बघतोय. ओळखीचा आहे का? कुणाला निरोप द्यायचा असेल तर सांग. मी जाऊन देते, मला कोण अडवतंय."

साहेबांचं टेबल चार पावलांवर होतं. माझ्या फॉर्मवरच्या रेघेची शाई वाळली नव्हती. ओळखतो म्हटलं असतं, तर कसा ओळखतोस, कधीपासून, तो कुठला, तुला माहीत होतं का. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"नाही ताई," मी म्हणालो. "नाही ओळखत."

मराठीत म्हणालो. त्याला पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली होती, त्याला तेवढं मराठी कळत होतं.

ताईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी मोरीचं काम पुन्हा धरलं. उतार असा काढला की पाण्याचा थेंब थांबत नाही. ताईंनी बादली ओतून पाहिलं, म्हणाल्या, "चला, शेजारणीचा साबण वाचला." मला जेवायला वाढलं. त्या विषयावर त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही, आणि तेच मला जड जातं.

कालव्याजवळ मी गेलो, पण नऊ दिवसांनी. रोज ठरवायचो आणि रोज वाटायचं, तिथे कुणी माझ्यावर नजर ठेवून असेल. नळाशेजारच्या खोलीला कुलूप होतं. शेजारीण भांडी घासत होती. म्हणाली, "गेली ती सामान घेऊन. नवरा टाकून पळाला म्हणत होती, खूप रडली." तो यादीत गेला होता, हे मी तिला सांगितलं नाही. आता सांगून कुणाला कळणार होतं.

अजून कधी गल्लीत पोलीस दिसला की आईचा फोन उचलत नाही. मग ती काळजी करते, बीपी वाढतो. तिन्ही फेरफारांच्या नकला प्लास्टिकच्या पिशवीत घालून कामावर नेतो. दाखल्यावरचं जन्मस्थळ बदलून घ्यायचा अर्ज ताईंनीच लिहून दिलाय. तो शाळेकडून वर गेलाय आणि वर कुठेतरी आहे.

ताई, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही. तुम्ही माझ्यासाठी दोन बस बदलून आलात आणि मी तुम्हाला चौकीच्या दारात खोटं सांगितलं. तो माझ्या ओळखीचा होता. त्याचा निरोप माझ्याकडे होता, आणि तुम्ही तो घेऊन जायला तयार होता. तुमचे उपकार फेडायचे तर आधी हे तुमच्यासमोर बसून, तोंडाने सांगायला हवं. अजून धीर होत नाही. पण त्याच्या बायकोला मी शोधतोय. साइटवर तिकडचं कुणी भेटलं की विचारतो, हळू आवाजात का होईना. ती सापडली की तिला घेऊन तुमच्याकडे येईन आणि तिच्यासमोरच सगळं सांगेन. एक दिवस येईन, ताई. हे तुमचं माझ्याकडे राहिलंय.